भाग्य म्हणजे वाटा : सीमाभागातील दोन संपत्तिकथांचे वाचन

दैव आणि प्रयत्न यांच्याविषयीच्या म्हणी मराठीत जोडीजोडीने नांदतात. 'उद्योगाचे घरी ऋद्धिसिद्धी पाणी भरी' असे बजावणारी आपली भाषाच 'दैव देते आणि कर्म नेते' असेही सांगते. या दोन म्हणींत भांडण आहे असे सहसा कोणाला वाटत नाही, कारण त्यांची वाटणी आपण केव्हाच करून टाकली आहे. बरे चाललेला मनुष्य पहिली म्हण स्वतःविषयी वापरतो आणि दुसरी शेजाऱ्याविषयी. संपत्ती आली ती उद्योगामुळे, आणि दुसऱ्याची गेली ती त्याच्या कर्मामुळे, असा हा सोयीचा हिशेब आहे.

या हिशेबाची आठवण आम्हांला नव्याने झाली ती मंडळाच्या एका बैठकीत. उद्योजकांच्या मराठी चरित्रांवर चर्चा चालू होती. चरित्रांचा गौरव झाला, त्यांतील प्रसंग सांगून झाले, आणि मग एका तरुण सभासदाने विचारले, "ही पुस्तके मी अनेक वाचली. त्यांत सांगितलेले कष्टही केले. माझे दुकान तरी बसलेच. मग चूक पुस्तकाची की माझी?" सभेत थोडे हसू झाले आणि विषय पुढे गेला. तो प्रश्न मात्र आमच्या मनातून गेला नाही. त्याला उत्तर देण्याचा प्रयत्न म्हणून हा लेख.

हे उत्तर शोधण्यासाठी आम्हांला दूर जाण्याची गरज वाटत नाही. संपत्ती कशी उभी राहते आणि कशी उभी राहत नाही, याच्या दोन मोठ्या कथा आपल्याच भागात घडल्या आहेत. एक बेळगावातील, लक्ष्मणराव किर्लोस्करांची. दुसरी निपाणीच्या तंबाखूची. पहिलीला चरित्रकार लाभले. दुसरीला एक कथाकार लाभला, पण तिला 'संपत्तीची कथा' म्हणून वाचण्याची सवय आपल्याला नाही. या दोन्ही कथा शेजारी ठेवून वाचल्या तर प्रत्येकीतले न सांगितलेले काही दिसू लागते, असे आमचे मत आहे.

*

प्रथम शब्दांकडे पाहू. 'भाग्य' हा शब्द 'भाग' या शब्दापासून आला. भाग्य म्हणजे आपल्या वाट्याला आलेले. अरबीतून आलेला 'नशीब' मुळात हाच अर्थ सांगतो, वाटा किंवा हिस्सा. 'किस्मत' या शब्दाच्या मुळाशीही वाटणीच आहे. वेगवेगळ्या कुळांतले हे शब्द, पण मूळ कल्पना एकच. 'दैव' या शब्दात देव आहे, म्हणून तेथे प्रश्न मिटतो. 'भाग्य' आणि 'नशीब' या शब्दांत मात्र तो शिल्लक राहतो, कारण वाटा आला म्हटले की वाटणारा कोण, हे विचारावे लागते.

आपल्या सीमाभागात आणखी एक शब्द रोज कानांवर पडतो. कन्नड 'हणेबरह', म्हणजे कपाळावरचे लिखित. हणे म्हणजे कपाळ. आणि हण म्हणजे पैसा. पैसा आणि कपाळ यांच्यामध्ये केवळ एका मात्रेचे अंतर. हा ध्वनीचा योगायोग आहे, त्यातून सिद्धान्त काढू नये, हे आम्ही जाणतो. पण बाजारात 'हण' आणि घरी 'हणे' असे दोन्ही शब्द ऐकत वाढलेल्या माणसाला ही मात्रा कोठून लागते हे पाहण्याची इच्छा झाली, तर ती अस्थानी म्हणता येणार नाही.

*

लक्ष्मणरावांची कथा सर्वांना ठाऊक आहे. २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्म. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखनाचे शिक्षक. बढतीच्या वेळी आपल्याला डावलून अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली म्हणून त्यांनी नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान. १८८८ हे उद्योगाच्या आरंभाचे वर्ष मानले जाते. नंतर कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर. १९१० मध्ये ठळकवाडीच्या नव्या वस्तीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा खाली करावयास लावली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगाच्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

ही कथा शाळेच्या व्यासपीठावरून जशी सांगितली जाते तिचा घाट पाहण्याजोगा आहे. अपमान, निर्धार, अडचण, जिद्द, विजय. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी लिहिलेल्या चरित्राचे नाव 'यांत्रिकाची यात्रा' असे आहे. 'यांत्रिक' या शब्दात कारागिराचा नम्रपणा आहे, तो आम्हांला फार आवडतो. 'यात्रा' या शब्दाविषयी मात्र थोडे थांबावेसे वाटते. यात्रेकरूला पोहोचायचे कोठे हे निघतानाच ठाऊक असते. लक्ष्मणरावांना ते ठाऊक नव्हते. ते चित्रकार व्हावयास निघाले होते.

चित्रकला सुटली ती डोळ्यांमुळे. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत असे आढळून आले. रंग सुटले, यांत्रिक रेखन उरले. या प्रसंगाचे नाव काय ठेवावे? निवड म्हणावी तर ती त्यांनी केलेली नव्हती. दुर्दैव म्हणावे तर पुढचे सारे वैभव त्यातूनच निघाले. आमच्या पाहण्यातील बहुतेक उद्योगचरित्रांत अशा प्रसंगांची एकच वाट लावलेली असते. वाईट दैव 'अडचण' म्हणून नोंदले जाते, कारण ती ओलांडली की नायक मोठा होतो. चांगले दैव मात्र 'दूरदृष्टी' या नावाखाली नायकाच्या खात्यावर जमा होते. म्हणजे या पुस्तकांत दैव असते, पण ते केवळ वाईट असते. आमच्या मते मराठी उद्योगचरित्राचा मोठा वाङ्मयीन दोष हाच आहे. तो प्रामाणिकपणाच्या अभावाने येत नाही. शेवट ठाऊक असलेल्या माणसाने आरंभ लिहिल्यामुळे तो येतो.

आता हीच कथा जमेच्या बाजूने वाचू. मुंबईत सायकल घ्यायची आणि बेळगावी थोरल्या बंधूंकडे पाठवायची, असा पहिला व्यापार. बंधू रामूअण्णा बेळगावात होते म्हणून तो शक्य झाला. बेळगाव हे छावणीचे गाव होते म्हणून सायकलसारख्या महाग नवलाईला तेथे गिऱ्हाईक होते. दक्षिण मराठा रेल्वेचा लोहमार्ग त्याच काळात या भागात आला. यांतील एकही गोष्ट लक्ष्मणरावांनी घडवलेली नव्हती. पुढे नगरपालिकेने जागा सोडायला लावली ते १९१० साल होते. बाळासाहेब औंधच्या गादीवर आले १९०९ च्या अखेरीस. स्वतः चित्रकार असलेला, कारागिरीची कदर असलेला हा संस्थानिक काही महिने आधी गादीवर आला नसता, तर त्या बिऱ्हाडाला माळ कोणी दिला असता हे सांगता येत नाही. पहिल्या महायुद्धात परदेशी मालाची आवक घटली आणि देशी नांगराला मागणी आली, पण लोखंड मिळेना. तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी किल्ल्यांवरील जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्याची हकीकत कोल्हापूर भागात आजही सांगितली जाते.

ही यादी आम्ही लक्ष्मणरावांचे मोठेपण कमी करण्यासाठी देत नाही. बाळासाहेबांनी माळ कोणाही येणाऱ्याला दिला नसता. तो ज्या माणसाला द्यावासा वाटावा असा माणूस लक्ष्मणरावांनी स्वतःत घडवला होता. सायकलींचे दुकान चालू असता नांगराच्या नादी लागण्याची गरज नव्हती. ती निवड त्यांची होती. लोखंडी नांगराने जमीन नासते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. त्या दोन वर्षांत त्यांनी नांगर सोडला नाही, हीही त्यांचीच निवड. प्रश्न इतकाच आहे की ती दोन वर्षे घर कशावर चालले?

ते चालले सायकलींवर, कडबा कापण्याच्या यंत्रावर आणि भावांच्या एकत्र संसारावर. उद्योगाच्या नावातच 'ब्रदर्स' हा शब्द आहे. चरित्रकार जे सांगण्यास संकोचतो ते पाटीने उघड सांगितले आहे. एक माल खपेना तेव्हा दुसऱ्याने तारले, एक भाऊ अडला तेव्हा दुसरा उभा राहिला. म्हणून लक्ष्मणरावांना थांबता आले. आणि थांबता आले म्हणूनच त्यांची निवड योग्य ठरली. ज्याला थांबता येत नाही त्याची तीच निवड तिसऱ्या महिन्यात चुकीची ठरते आणि तिचे चरित्र कोणी लिहीत नाही.

*

चरित्रांच्या या एकांगीपणाला कंटाळलेला वाचक दुसऱ्या टोकाला जातो. आपल्या भागात ते टोकही जवळच आहे. जी. ए. कुलकर्णी यांचे शिक्षण बेळगावात झाले, पुढील आयुष्य धारवाडला गेले. त्यांच्या कथांतील नियतीविषयी मराठी समीक्षेने इतके लिहिले आहे की 'नियती' म्हटले की जी. ए. असे समीकरणच झाले. त्यांच्या एका पुस्तकाचे नाव 'रमलखुणा' आहे. रमल म्हणजे फासे टाकून भविष्य पाहण्याची विद्या. माणसाचा फासा कोणीतरी आधीच टाकलेला आहे, ही जाणीव त्या नावातच आहे.

जी. एं.च्या थोरवीविषयी आमच्या मनात संदेह नाही. त्यांची नियती मृत्यूविषयी, वियोगाविषयी, एकाकीपणाविषयी बोलते. तेथे तिला उत्तर नाही आणि ते नाही म्हणूनच ती कथा मोठी आहे. आमची तक्रार त्यांच्या वाचकांविषयी आहे, आणि त्या वाचकांत आम्हीही आलो. जी. ए. वाचून आम्ही 'नियती' हा शब्द उचलला आणि तो बाजारात नेला. पेठेतले दुकान बसले, नियती. तंबाखूचा भाव पडला, नियती. मृत्यूसाठी घडवलेला शब्द भावासाठी वापरला की शब्दाची उंची जाते आणि भावाचे कारण झाकले जाते. चरित्रे सारे यश एका माणसाच्या इच्छेत बसवतात. आम्ही सारे अपयश विश्वाच्या रचनेत बसवतो. दोन्हीकडे वाटणारा दिसत नाही.

तो दिसतो निपाणीत.

*

निपाणीला रेल्वे नाही. महामार्ग आहे, काळी जमीन आहे आणि बिडीच्या तंबाखूसाठी दूरवर पोहोचलेले नाव आहे. या तंबाखूने निपाणीत वाडे, वखारी, शिक्षणसंस्था उभ्या केल्या. त्या संपत्तीचा काही भाग समाजाकडे परत आला हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण ती संपत्ती कशी साठली याचे यंत्र समजून घेतले पाहिजे.

शेतकरी हंगामभर तंबाखू सांभाळतो. खुडणे, शेंडा मोडणे, पाने वाळवणे, हे सारे करीपर्यंत भाव काय मिळेल हे त्याला ठाऊक नसते. माल तयार झाला की तो त्याला फार काळ घरी ठेवता येत नाही. पावसाळी हवा लागली की पान दमट होते, प्रत उतरते. सावकाराचे देणे, लग्नकार्य, पुढची पेरणी, सारे त्या एका विक्रीवर. घेणारा व्यापारी मात्र वखारीत माल ठेवू शकतो. तो महिनाभर थांबू शकतो, प्रसंगी वर्षभर. भाव ठरतो तो या दोघांच्या थांबण्याच्या ऐपतीतील अंतराने. त्यावर कडता कापला जातो, पैसे उधारीवर राहतात. व्यापाऱ्यालाही जोखीम असतेच. आग, ओल, बाजाराची पडझड यांनी बुडालेल्या वखारी आहेत. त्याची दूरदृष्टीही खोटी नाही. पण ज्याला आपण त्याची दूरदृष्टी म्हणतो तिचे नाव पुष्कळदा 'वखार' असे असते. आणि ज्याला शेतकरी आपले नशीब म्हणतो तो दुसऱ्या कोणीतरी घेतलेला निर्णय असतो.

वखारीच्या आत आणखी एक पायरी खाली उतरावी लागते. तेथे तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, निवडणाऱ्या बाया आहेत. घराघरांत मांडीवर सूप घेऊन हजाराच्या हिशेबाने बिड्या वळणाऱ्या आहेत. वळलेल्या बिडीतली कोणती पास आणि कोणती बाद, हे तपासणारा ठरवी. बाद झालेल्या बिडीची मजुरी नाही. दिवसभराच्या कष्टांतला किती भाग 'भाग्य' म्हणून पदरी पडणार हे येथे रोज संध्याकाळी, डोळ्यांसमोर, एका माणसाच्या बोटांनी ठरत असे. संपत्तीच्या तत्त्वज्ञानाला याहून उघडे उदाहरण मिळणे कठीण.

या जगाला मराठी साहित्यात आणले ते महादेव मोरे यांनी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यांचे निधन झाले. आयुष्य निपाणीतच गेले. मोटारींच्या धंद्यात त्यांनी काम केले, नंतर पिठाची गिरणी चालवली, आणि त्या पिठाच्या धुळीत बसून कथा-कादंबऱ्या लिहिल्या. गॅरेजमधले मिस्त्री, ट्रकवाले, वखारीतल्या आणि बिडीच्या कामातल्या बाया, पेठेच्या कडेला जगणारी माणसे ही त्यांची माणसे. समीक्षेने त्यांना 'ग्रामीण' आणि 'उपेक्षितांचे लेखक' असे दोन शिक्के देऊन सन्मानाने बाजूला ठेवले. आमच्या मते मोरे हे पैशाविषयी अतिशय जाणतेपणाने लिहिणारे मराठी लेखक आहेत, आणि तसे म्हणूनच त्यांचे पुनर्वाचन व्हावयास हवे.

याचे कारण असे. मध्यमवर्गीय मराठी कथेत पैसा बहुधा संस्कार, मोह किंवा लाज या रूपात येतो. मोऱ्यांच्या लेखनात तो रोजच्या हिशेबात येतो. किती आले, कोणाचे देणे, उद्या काय. त्यांची माणसे आळशी नाहीत आणि मूर्खही नाहीत. ती सतत निवड करीत असतात. पण त्यांची प्रत्येक निवड आजची संध्याकाळ गाठण्यासाठी असते, आणि अशा हजार निवडींची बेरीज संपत्ती होत नाही. उद्योगचरित्र सांगते की कष्टाळू माणूस वर येतो. मोऱ्यांचे जग शांतपणे दाखवते की कष्टाळू माणूस जागच्या जागी राहण्यासाठीही तितकेच कष्ट करतो. यात रडगाणे नाही. पिठाच्या गिरणीत उभे राहिलेल्या माणसाला कोणाच्या डब्यात किती दाणे आहेत हे कळते. तसे कळणे आहे.

*

निपाणीच्या कथेतील पुढचे पान साहित्यिकांनी लिहिलेले नाही, तरी शब्दांच्या दृष्टीने ते फार महत्त्वाचे आहे. १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू-शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले. ६ एप्रिल १९८१ रोजी गोळीबार झाला आणि त्यात शेतकरी मृत्युमुखी पडले. या आंदोलनाच्या आर्थिक भूमिकेविषयी मतभेद असू शकतात. शेतकऱ्याला भाव मिळाला म्हणजे शेतमजुराला आपोआप मिळतो का, हा आक्षेप तेव्हाही होता. पण एक गोष्ट त्या रस्त्यावर निश्चित घडली. 'नशीब' या शब्दाच्या जागी 'भाव' हा शब्द आला. दारिद्र्य ही कपाळावरची रेघ नसून कोणीतरी ठरवलेली किंमत आहे, असे एकदा म्हटले की मनुष्य ज्योतिषाकडे न जाता वाटाघाटीला बसतो.

वखारीतल्या बायांनीही हा शब्दबदल केला. त्यांच्या संघटनेवर युगांतर या चित्रपटगटाने १९८२ मध्ये 'तंबाखू चाकिला ऊब आली' हा माहितीपट केला. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या बाया त्यात आपल्या तोंडाने आपली हकीकत सांगतात. आपल्या वाट्याला आलेले कोणी वाटले, हे त्यांना सांगता येते. भाग्य या शब्दाचा मूळ अर्थ कोशात न पाहता त्यांनी शोधून काढला होता.

येथे कोणी म्हणेल की हा लेख दैवाला हद्दपार करीत आहे. तसे नाही. फाशाने पडणारे दैवही खरेच आहे. पाऊस, आजार, रंग न ओळखणारे डोळे हे कोणी वाटलेले नसते. जन्मस्थानाचे दैव तर सर्वांत मोठे. ब्रँको मिलानोविच या अर्थशास्त्रज्ञाने दाखवले आहे की जगातील माणसांच्या उत्पन्नांत जी तफावत आहे तिचा निम्म्याहून अधिक भाग केवळ मनुष्य कोणत्या देशात राहतो यावरून उलगडतो. सीमाभागातील वाचकाला हे पटवून देण्याची गरज नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. माणसे जागची हलली नाहीत, रेघ हलली. कोणत्या भाषेत शिक्षण, कोणत्या दाराशी अर्ज, कोठे नोकरी, हे त्या रेघेने पिढ्यान्‌पिढ्या ठरवले. पण ही रेघही आकाशातून पडली नव्हती. जन्माच्या दैवातसुद्धा दुसऱ्यांचे निर्णय मिसळलेले असतात.

म्हणून 'दैव की कर्तृत्व' हा वाद आम्हांला अपुरा वाटतो. त्याला दोनच रकाने आहेत. तिसरा रकाना हवा, दुसऱ्यांनी केलेल्या निवडींचा. रामूअण्णांनी सायकल विकली, बाळासाहेबांनी व्याज घेतले नाही, हे त्या रकान्यात जमेच्या बाजूला. वखारीचा कडता आणि बाद ठरलेली बिडी नावेच्या बाजूला. ज्या चरित्रात हा रकाना भरलेला असेल ते चरित्र नायकाला लहान करणार नाही. उलट त्याच्या आयुष्यातील एक निवड अधिक उजळून दिसेल, ती म्हणजे स्वतः तरल्यावर त्याने कोणाला थांबण्याची ऐपत दिली. किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या दिवसांत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांना राखणदार नेमले आणि त्यांनी ती वस्ती राखली. औंधच्या माळाचे व्याज त्यांनी असे फेडले असे आम्ही समजतो. नांगराच्या खपापेक्षा हा प्रसंग संपत्तीविषयी अधिक सांगतो. चरित्रांत मात्र तो मनोरंजक आठवण म्हणून येतो.

*

आता त्या तरुण सभासदाचा प्रश्न. चूक पुस्तकाची की त्याची?

त्याचे दुकान का बसले हे आम्हांला ठाऊक नाही. त्याच्या हातून चुका झाल्याही असतील. माल चुकीचा भरला असेल, जागा चुकली असेल. त्या त्याने मोजाव्यात, कारण पुढच्या खेपेला त्याच्या हाती तेवढेच आहे. पण त्याने लक्ष्मणरावांची दोन वर्षे वाचली आणि त्या दोन वर्षांचा खर्च कोणी सोसला हे पुस्तकाने त्याला सांगितले नाही, एवढी चूक पुस्तकाची आहे. जिद्द उसनी घेता येते, वेळ उसना मिळत नाही, आणि पुस्तकाने दोन्हींना जिद्दच म्हटले. अशा पुस्तकाने हरलेल्या माणसाच्या हानीत अपराधाची भर घातली. वाङ्मयाने करू नये ते हेच.

मंडळाच्या वतीने आम्ही दोन सूचना करतो. उद्योजकांवर पुस्तक लिहू इच्छिणाऱ्या आपल्या सभासदांनी नायकाची मुलाखत घेताना प्रथम विचारावे, "पहिला माल खपेपर्यंत घर कशावर चालले?" उत्तर बहुधा एखाद्या भावाचे, बायकोच्या दागिन्यांचे, आईच्या शेताचे, उधारीवर थांबलेल्या कारागिराचे असेल. ते नाव पहिल्या प्रकरणात यावे. अर्पणपत्रिकेत टाकून मोकळे होऊ नये. दुसरी सूचना अशी की, उद्योगचरित्रांवरील पुढच्या चर्चेत किर्लोस्करांच्या चरित्राबरोबर महादेव मोरे यांचे एखादे पुस्तक वाचावयास ठेवावे. बेळगावहून निपाणी काही फार लांब नाही. वाचकाने हा प्रवास एकदा करावा, आणि परतताना आपल्या घरच्या कीर्द-खतावणीत तिसरा रकाना आखून पाहावा. आम्ही तो आखून पाहिला. आमच्या खात्यात स्वतःची म्हणून जी जमा होती तिच्यातली बरीच रक्कम दुसऱ्यांच्या नावावर निघाली.